काचेवरचे नाव आणि तळाची खूण

इतिहास म्हटला की शिलालेख आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे येतात. मित्रहो, आज आम्ही त्यांहून फार लहान लेखाविषयी बोलणार आहोत. तो असतो जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर. भंगारात असा व्हॉल्व्ह हाती येतो तेव्हा वरचे छापील नाव बहुधा पुसलेले असते. मग तो कुठला, केव्हाचा, हे ओळखावे कसे?

नाव शाबूत असले तरी त्यावर भिस्त ठेवू नये. ते विकणाऱ्याचे असते. करणाऱ्याचे असेलच असे नाही. मुलार्ड हे नाव इंग्रजी खरे, पण १९२७ पासून ती कंपनी हॉलंडच्या फिलिप्सच्या मालकीची होती. त्यामुळे हॉलंडात झालेला मालही त्या नावाने विकला जाई. ‘ईएल ८४’ यासारखे अंक-अक्षर व्हॉल्व्हचे काम सांगतात, जन्मगाव नव्हे.

खरी साक्ष तळाशी असते. काच उजेडात तिरपी धरावी, म्हणजे बारीक कोरीव अक्षरे दिसतात. समजा, तेथे ‘बी४डी२’ आहे. ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्नचा कारखाना. त्या जागी त्रिकोण असता तर तो हॉलंडमधील हेर्लेनचा. ‘४’ हा सालाचा शेवटचा अंक, ‘डी’ म्हणजे चौथा महिना एप्रिल, आणि ‘२’ म्हणजे त्यातला दुसरा आठवडा. पण साल १९६४ की १९७४? तेथे वरच्या ओळीतली प्रकाराची खूण आणि आतली बांधणी ताडून पाहावी लागते.

हे ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरमधले कापडाचे गाव. मागांना उतरती कळा लागली असताना, १९३८ साली, तेथे मुलार्डचा कारखाना निघाला. केसासारख्या तारांची नाजूक जुळणी तेथे मुख्यतः बायकांच्या हातांनी होई. गिरणी बंद पडली म्हणजे घरात काय होते, हे आम्हां गिरणगावच्या माणसांना कोणी सांगायला नको.

ही खूण काही कामगारांच्या स्मरणार्थ कोरलेली नव्हती. माल सदोष निघाला तर तो कोठला, कोणत्या आठवड्याचा, याचा माग काढण्याची ती सोय होती. मात्र चुकी धरण्यासाठी ठेवलेली हीच नोंद आज श्रमाची साक्ष देते. तीत कोणा बाईचे नाव नाही. पण तिचा कारखाना आहे, तिचा आठवडा आहे. म्हणून आम्ही एवढेच सांगतो: जुना व्हॉल्व्ह फेकण्यापूर्वी त्याचा तळ एकदा वाचा.