अंगठेबहाद्दरांचा हिशेब

मराठीत 'अंगठेबहाद्दर' असा एक शब्द रूढ आहे. ज्यास लिहिता-वाचता येत नाही त्याच्यासाठी तो योजला जातो, आणि योजणाऱ्याच्या ओठांवर बहुधा किंचित हसू असते. धर्मग्रामाच्या जुन्या विवाहनोंदवह्या चाळताना हे 'बहाद्दर' आम्हांस पानोपानी भेटतात. वराचा अंगठा, वधूचा अंगठा, दोन साक्षीदारांचे दोन अंगठे. आणि त्या सर्वांची नावे मात्र एकाच हस्ताक्षरात, म्हणजे त्या काळच्या धर्मगुरूच्या. अंगठा ज्याचा त्याचा असतो, परंतु त्याच्या शेजारी काय लिहिले जाते हे दुसऱ्याच्या हाती असते. प्रौढशिक्षणाच्या इतिहासाकडे आम्ही याच पानावरून पाहू इच्छितो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. निरक्षर मनुष्य म्हणजे कोरी पाटी, असे साक्षरतेच्या कार्यात उतरणारे पुष्कळ तरुण मनोमन धरून चालतात. माळशिरस तालुक्यात हा समज फार काळ टिकणे कठीण. दर आषाढीपूर्वी ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने पंढरीस जाते. तुकोबांची पालखी अकलूजला रिंगण करून पुढे सरकते. त्या वाटेवर शेकडो अभंग मुखोद्गत असलेला आणि स्वतःचे नाव लिहू न शकणारा वारकरी ही काही नवलाची गोष्ट नव्हती. तीच गोष्ट हिशेबाची. आठवड्याच्या बाजारात बसणारी म्हातारी विसांनी मोजते. 'तीन विसा आणि पाच' म्हणजे पासष्ट, यात तिची कधी चूक होत नाही. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी ही मापे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे मागल्या पिढ्यांनी तोंडपाठ केले होते. आजच्या पदवीधरास पाऊणकी म्हणून दाखविण्यास सांगावे म्हणजे निरक्षर कोण, हा प्रश्न थोडा अवघड होतो.

मग हा हिशेबी मनुष्य फसला कोठे? फसला तो कागदावर.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. इतिहासात यास 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या दंग्यांत रक्तपात फारसा झाला नाही, ही बाब तेव्हाच्या सरकारी चौकशीतही नमूद झाली. जमावास हवी होती ती कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या. त्या हाती आल्या की जाळल्या जात. सावकाराने मुकाट्याने काढून दिल्या तर बहुतेक ठिकाणी त्यास धक्का लागत नसे. जे वाचता येत नव्हते तेच नेमके त्यांनी जाळले. त्यातही ही खते बहुधा मोडी लिपीत असत. म्हणजे गावात एखाद्यास बाळबोध अक्षरे लागत असली तरी त्या कागदाचा अर्थ लागेलच, असे नव्हते.

सरकारने यावर १८७९ साली कायदा केला. 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' या नावाने तो ओळखला जातो, आणि तो ज्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला त्यांत पुणे, अहमदनगर व सातारा यांच्याबरोबर सोलापूरही होते. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, दिलेल्या पैशाची पावती मिळावी, मागेल त्यास हिशेबाचा उतारा मिळावा, अशा तरतुदी त्यात होत्या. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण पावती हाती येऊन तरी उपयोग काय, जर ती वाचून घेण्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी ओट्यावर जावे लागत असेल? कायद्याने कुणब्याला कागदाचा हक्क दिला. कागद वाचण्याचे बळ देणे त्याच्या कक्षेत नव्हते.

ते बळ कोठून यावे, याचा विचार आपल्याकडे आधीच सुरू झाला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्यास राबावे लागते त्याच्यासाठी शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा या प्रयोगाचा गाभा. पुढे मुंबईत प्रार्थना समाजाने आणि १९११ साली स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणीकामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. १९३९ साली, खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई शहरात साक्षरतेची मोठी मोहीम झाली. याच सुमारास फ्रँक लॉबाक हे अमेरिकन मिशनरी भारतात येऊन गेले होते. 'प्रत्येकाने एकास शिकवावे' हे त्यांचे सूत्र पुस्तकात जन्मले नव्हते. फिलिपिन्समधील लानाओ येथे जागतिक मंदीत शिक्षकांना द्यावयास पैसा उरला नाही, तेव्हा तेथल्या मारानाओ जमातीच्या एका सरदारानेच फर्मावले की, जो शिकला त्याने दुसऱ्यास शिकविलेच पाहिजे. मोबदला न घेता शिकविण्याची ही कल्पना अशी निधनतेतून आली.

आता पुन्हा माळशिरसकडे वळू. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आले आणि १९३० च्या दशकात माळीनगर व श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर अकलूजच्या परिसरात सहकारी कारखानदारी वाढली. या परिवर्तनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे केवळ एकाच बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. कोरडवाहू ज्वारीच्या काळात कुणब्याच्या आयुष्यात कागद फार थोडे होते. एखादे कर्जखत, एखादी सारापावती. ऊस आला तसे कागदांचे पेव फुटले. पाणीमागणीचा अर्ज, सोसायटीचे कर्ज, कारखान्याचा भागदाखला, उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची पावती, बँकेचे पुस्तक. संपत्ती वाढली, आणि त्याचबरोबर वाचता न येण्याची किंमतही वाढली. शिवाय १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले. ज्या पिढीने आणे-पै आणि पायली-शेर यांत आयुष्याचा हिशेब बसविला होता, ती एका दशकात स्वतःच्याच बाजारात परकी झाली. हे नुकसान साक्षरतेच्या कोणत्याही कोष्टकात आढळत नाही.

याच संधिकाळात, १९५९ साली, शेजारच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर नेण्यात आली. तिचे वैशिष्ट्य असे की, एकेका व्यक्तीस नव्हे तर साऱ्या गावास साक्षर करावयाचे असे तिने ठरविले. गावातील शिक्षक, शिकलेली मुले, सुना यांनी विनामोबदला रात्रीचे वर्ग घ्यावयाचे. काम पूर्ण झाले की ग्रामगौरव समारंभ व्हावयाचा. शिक्षण हे गावाच्या अब्रूशी जोडले गेले, त्यामुळे ज्या बायका एरवी उंबरा ओलांडत्या ना त्याही वर्गास बसल्या. हे मोठेच यश होय. तथापि गौरवसमारंभाची गुढी उतरल्यावर पुष्कळ ठिकाणी कंदीलही विझले. नवसाक्षराच्या हाती पुढे वाचावयास काही पडले नाही, आणि सरावाविना अक्षरे पुसट होत गेली. सही तेवढी राहिली. सही करता येणे आणि सहीच्या वरचा मजकूर वाचता येणे यांतील अंतर सावकारास चांगले ठाऊक असते! १९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आणि १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता मिशन यांनाही हाच खडक आडवा आला.

या खडकावरून पाणी कसे काढावे, हे आमच्या मते म्हसवडच्या स्त्रियांनी दाखविले. म्हसवड माण तालुक्यात. पिलीवच्या बाजूने माळशिरस तालुक्याची हद्द ओलांडली की पुढे लागते. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई पावसाळ्यापूर्वी डोक्यावर ताडपत्री घेता यावी म्हणून दिवसाकाठी थोडे पैसे साठवू पाहत होती. परंतु इतक्या लहान रकमेचे खाते बँका उघडीनात. चेतना सिन्हा यांनी अशा स्त्रियांना एकत्र करून त्यांची स्वतःचीच सहकारी बँक काढण्याचे योजिले. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तो नामंजूर झाला. प्रवर्तक स्त्रियांतील कित्येकींनी अंगठे उठविले होते, हे त्याचे कारण. बायका खचल्या नाहीत. रात्रीचे वर्ग भरले, दिवसभराचे काम उरकून त्या अक्षरे गिरवू लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हांस वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते, असे सांगून त्यांनी कोणत्याही रकमेवरील व्याज तोंडी काढून दाखविण्याची तयारी दर्शविली. तुमच्या अधिकाऱ्यांनीही ते यंत्रावाचून काढावे, असे आव्हानही दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. येथे साक्षरता हे ध्येय नव्हतेच. ध्येय बँक हे होते. अक्षर ही तिची किल्ली. म्हणूनच ते टिकले.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकाने आजीबाईंची शाळा उघडली, तिचीही जातकुळी हीच. पोथी आपली आपण वाचता यावी, एवढीच त्या साठी ओलांडलेल्या आजींची इच्छा होती. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर खांद्याला लावून त्या वर्गाला येऊ लागल्या. वृत्तपत्रांनी लुगड्यांचा रंग फार रंगविला; इच्छेकडे थोडे कमी पाहिले.

शिकविणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. 'पंचवीस' हा शब्द कानाला आधी पाच सांगतो व मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी येतो. प्रौढ विद्यार्थी जे ऐकतो त्याच क्रमाने लिहितो आणि बावन्न करून ठेवतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असा पर्याय दिला तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! भाषेची शोभा गेली म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी पन्नाशीच्या बाईला पाटीवर अंक लिहावयास शिकविले होते, हे विचारण्यासारखे आहे. बाई चुकत नसते. ती आपल्या कानाशी प्रामाणिक असते.

सन २०२२ पासून केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला असून त्यास 'उल्लास' असे नाव आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावयाचे, मानधन नाही. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांस प्रत्येकी ५० असे १५० गुण. महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी, झाली. संख्याज्ञानास वाचनाइतकेच गुण मिळाले, ही आम्हांस यातील सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. सोलापूर जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत सुमारे ७७ टक्के होते. उरलेल्यांचे काम थोडे नाही.

पण त्या टक्केवारीत न मावणारा एक वर्ग दर हंगामास याच तालुक्यात येऊन उतरतो. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोचे एकेक 'कोयते' मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडात येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावी वर्ग भरतो तेव्हा ते येथे असतात, आणि येथे कोणी त्यांना आपला विद्यार्थी मानीत नाही. किती उचल घेतली, किती टन तोडले, किती फिटले, हे मुकादमाच्या वहीत असते. कोयत्याच्या हाती ती वही क्वचितच येते. सुप्याच्या बाजारानंतर दीडशे वर्षे उलटली, तरी वही अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

आपल्या युवक-युवतींपैकी कोणी संध्याकाळी या कोप्यांवर जाऊ म्हणेल तर अंकलिपी नेण्याची घाई करू नये. कारखान्याच्या काट्यावरची वजनपावती पुष्कळ आहे. तीत तारीख असते, वाहनाचा क्रमांक असतो, भरल्या गाडीचे वजन असते, रिकाम्या गाडीचे वजन असते. तोंडी वजाबाकी त्या बाईस येतेच. तिला फक्त दाखवावयाचे आहे की, यांतला कोणता आकडा कोणत्या ओळीत छापलेला आहे.