रात्रशाळेपासून श्रमिक विद्यापीठापर्यंत

१८५५ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. पण शिकलेले अक्षर हातातल्या कामाला कसे जोडायचे, हा प्रश्न उरलाच. त्याचे एक उत्तर मार्च १९६७ मध्ये मुंबईत वरळीला मिळाले. तिथे देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. कामगारांना साक्षरता व धंदेशिक्षण एकत्र देणे हा त्याचा हेतू. कपडा बेतताना छातीच्या मापाचा चौथा भाग काढावा लागतो. अपूर्णांक तिथेच शिकता येतो. २००० साली ही केंद्रे ‘जन शिक्षण संस्थान’ झाली आणि २०१८ मध्ये कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. या बदलात अक्षर मागे पडू नये, असे आम्हां शिक्षकांना वाटते. टेपवरचा आकडा वाचता न येणारा कारागीर जन्मभर दुसऱ्याने बेतलेलेच शिवत राहतो.