हक्काची रजा : मुंबईच्या गिरण्या, घाईचे दिवस आणि गावाची वाट

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच संप, वेतन आणि कामाचे तास या तीन गोष्टींकडे प्रथम जाते. त्यांच्या मानाने रजेचा प्रश्न किरकोळ वाटतो. कायद्यातील एक प्रकरण किंवा अहवालातील एखादा परिच्छेद यापलीकडे त्याची वास्तपुस्त सहसा होत नाही. तथापि ऐन घाईच्या दिवसांत कामावरून दूर राहण्याची मुभा कोणी द्यावयाची, मुभा घेऊन गेलेल्याची जागा कोणी राखावयाची, आणि मुळात घाईचे दिवस कोणते हे कोणी ठरवावयाचे, या तीन प्रश्नांत कामगार आणि मालक यांच्या संबंधांचा गाभा सापडतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. या प्रश्नांची उत्तरे काळानुसार कशी बदलत गेली, याच्या खुणा कायद्याच्या कलमांत जशा आहेत तशाच गिरणगावात रूढ झालेल्या शब्दांतही आहेत. म्हणून आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल.

'रजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संतोष, संमती. 'राजी' हा शब्द त्याच धातूपासून झालेला आहे, आणि 'राजीनामा' म्हणजे मुळात संमतिपत्र. मराठीत मात्र तो नोकरी सोडल्याचा लेख झाला. नोकराला कायमचा निरोप देण्यासही आपण 'रजा देणे' म्हणतो. तात्पुरती मोकळीक आणि कायमची बडतर्फी या दोन्ही अर्थांना एकच शब्द पुरला, याचे कारण दोन्हींत निर्णायक गोष्ट एकच होती : धन्याची मर्जी. 'सुट्टी' हा शब्द याहून वेगळ्या कुळातला. तो 'सुटणे' या क्रियापदाशी जोडलेला असून हिंदी 'छुट्टी' हे त्याचे भावंड होय. 'पूछना' आणि 'पुसणे', 'मछली' आणि 'मासळी' या जोड्यांत हिंदी 'छ' आणि मराठी 'स' यांचा जो संबंध दिसतो, तोच येथेही आहे. सुट्टी सर्वांना एकदम होते, ती मागावी लागत नाही. रजा एकट्याने मागावयाची असते, आणि मागणे आले की नकारही आलाच.

तिसरा शब्द 'खाडा'. दुधाच्या रतिबाचा खाडा, मोलकरणीचा खाडा आणि गिरणीतील खाडा हे सर्व एकाच अर्थाचे : ठरलेल्या क्रमात पडलेला खंड. हजेरीपटावर खाडा मांडला जातो तेव्हा माणूस आला नाही एवढेच नोंदले जाते. तो का आला नाही याला त्या रकान्यात स्थान नसते. आणि जो आला नाही त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता उभा राहणारा तो 'बदली'. अदलाबदलीचे नाव येथे माणसालाच चिकटले. रजा, सुट्टी, खाडा आणि बदली या चार शब्दांच्या चौकटीत गिरणी कामगाराचे वर्ष बसलेले होते.

हे वर्ष दोन पंचांगांनी चालत असे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापून काढलेल्या मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत गिरण्या वाढल्या, आणि त्यांना लागणारी माणसे मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच सातारा, पुणे व देशावरील इतर भागांतून आली. गिरणीच्या यंत्राला ऋतू माहीत नसतो. साचे बारा महिने चालावेत, दररोज तितकेच हात हजर असावेत, ही त्याची अपेक्षा. कोकणातील भातशेतीचे तसे नाही. उन्हाळ्यात भाजावळ, पाऊस येण्यापूर्वी घराची शाकारणी व आगोटीची बेगमी, मग पेरणी, लावणी आणि अखेर कापणी, अशी कामे ठराविक पंधरवड्यांत उरकावीच लागतात. लग्नकार्येही वैशाख-ज्येष्ठात यावयाची. त्यांत फाल्गुनातील शिमगा आणि भाद्रपदातील गणपती यांची भर. घरातील कर्ता पुरुष मुंबईस आणि बायकामुले, म्हातारी माणसे व शेत गावी, अशी विभागणी असलेल्या कुटुंबात त्या दिवसांत त्याचे घरी असणे ही चैन नव्हती. ते कुटुंबाच्या कामकाजाचे अंग होते.

यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. गिरणीच्या दृष्टीने माणसे कमी पडत म्हणून जे दिवस अडचणीचे ठरत, तेच दिवस गावाच्या दृष्टीने घाईचे असत. किंबहुना गावाची घाई हेच गिरणीच्या अडचणीचे कारण होते. शेकडो माणसे एकाच पंधरवड्यात रजा मागतात, ही तक्रार अहवालांतून वारंवार भेटते. मात्र त्यांची मागणी एकाच वेळी येते याचे कारण त्यांच्या शेतांवर पाऊस एकाच वेळी येतो, हे तितक्या वेळा सांगितले जात नाही.

आठवड्याच्या सुट्टीने हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये भरलेल्या सभांतून जो अर्ज तयार झाला, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या, आणि रविवारी पूर्ण विश्रांती ही त्यातील प्रमुख मागणी होती. १८९० मध्ये मालकांनी ती मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ मिळाले. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु रविवार हा शिणवट्यावरील उपाय होता. गावच्या ओढीवर तो उपाय नव्हता. एका रविवारात परळहून मालवणास वा वेंगुर्ल्यास जाऊन परत येणे अशक्यच होते. कोकणचा प्रवास आगबोटीने होई. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत ती जाई, आणि बंदरावर उतरल्यावर पुढे पायी वा गाडीने गाव गाठावयाचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडत असल्यामुळे उन्हाळ्यात गेलेल्याने बोटी थांबण्याआधी परतावयाचे, नाहीतर तिकडेच अडकावयाचे, असा पेच असे. एवढ्यासाठी काही दिवस नव्हे, काही आठवडे लागत. ते सुट्टीने मिळणारे नव्हते. त्यासाठी रजाच मागावी लागे.

रजा मागावयाची कोणाकडे ? कागदोपत्री अधिकार खात्याच्या प्रमुखाकडे असला, तरी माणसे लावण्याचे आणि काढण्याचे काम प्रत्यक्षात जॉबरच्या हाती होते. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. गावी जाणारा रजा घेऊन गेला काय किंवा न सांगता गेला काय, परतल्यावर त्याची जागा मोकळी असेल याची शाश्वती नसे. जागा भरली गेली असल्यास पुन्हा दारात उभे राहावयाचे, जॉबरची दस्तुरी भरावयाची आणि बदली म्हणून दिवस काढावयाचे. अशा स्थितीत रजेचा अर्ज करून परवानगीची वाट पाहण्यापेक्षा सरळ निघून जाणे अनेकांना व्यवहार्य वाटले असेल, तर त्यात नवल नाही. नकार मिळाल्यावर जाणे हा उद्धटपणा ठरतो. न विचारता जाणे हा फक्त खाडा ठरतो.

हजेरीपटावरील हे खाडे पुढे आकडेवारी झाले. मुंबई सरकारचे कामगार कार्यालय १९२१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या मासिकातून गैरहजेरीचे प्रमाण प्रसिद्ध होऊ लागले. भातलावणीस गेलेला, तापाने अंथरूण धरलेला आणि बहिणीच्या लग्नास गेलेला, हे सर्व त्या टक्केवारीत एकरूप झाले. त्यातूनच 'मुंबईचा कामगार मनाने शेतकरीच आहे, त्याला गिरणीची शिस्त नाही' हा सिद्धान्त बळावला, आणि तो सोयीचाही होता. ज्याचे खरे घर गावी आहे त्याला शहरात पुरेसे वेतन, बिऱ्हाड किंवा म्हातारपणची तरतूद कशाला, असा युक्तिवाद त्याच्या आधारे करता येत असे.

१९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने या सिद्धान्ताला वेगळे वळण दिले. अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आयोगाने गावाशी असलेला संबंध हे दूषण न मानता जमेची बाजू मानले. तो तोडू नये, त्याला नियमितपणा आणावा, असे मत दिले. कामगारांनी ठराविक मुदतीची रजा मागावी, यास मालकांनी उत्तेजन द्यावे, वेळेवर परतल्यास जुने काम मिळेल असे आश्वासन द्यावे, आणि शक्य तेथे रजेच्या काळात काही भत्ताही द्यावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. येथे रजेच्या प्रश्नाचे खरे स्वरूप प्रथमच स्पष्ट झाले. प्रश्न जाण्याचा नव्हता, परतण्याचा होता.

पुढील काळातील संशोधनाने या निष्कर्षास पुष्टी दिली. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ च्या ग्रंथात मुंबईच्या गिरण्यांना स्थिर कामगार मिळत नव्हते ही समजूतच तपासून नाकारली. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गावाशी टिकून राहिलेला संबंध हा शहरातील रोजगाराच्या अनिश्चिततेला कामगारांनी दिलेले उत्तर होता, असे प्रतिपादन केले. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चालला, त्या वेळी अनेक कामगार गावी गेले, आणि लढा इतका लांबवता आला यात गावाच्या आधाराचा वाटा होता. ज्याला परतण्यासाठी दोन ठिकाणे हवीत, तो दोन्हीकडची वाट मोडू देत नाही. शिमग्याला जाणे हे देवाचे व नात्याचे कर्तव्य होतेच. पण शेतातील व घरातील आपला वाटा जिवंत ठेवण्याचा तो मार्गही होता.

परतीच्या जागेची व्यवस्था लावण्याचा एक प्रयत्न १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजनेने झाला. ठराविक संख्येच्या बदल्यांना पत्रके देऊन, रोजच्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भराव्यात, अशी ती योजना होती. जॉबरच्या मर्जीला आळा घालणे हा तिचा एक हेतू. मात्र यातून बदलीची जागा नियमित झाली. रजेवर गेलेल्याची जागा अद्याप सुरक्षित झाली नव्हती. १९४५ च्या दुरुस्तीने बारा महिन्यांच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा कारखाना कायद्यात आली. १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगारासाठी वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे प्रमाण घातले, आणि १९५४ मध्ये हे प्रकरण सुधारून नव्याने लिहिले गेले.

या सुधारित प्रकरणातील दिवसांच्या हिशेबापेक्षा त्यातील कार्यपद्धती अधिक अभ्यसनीय आहे. कामगाराने सामान्यतः पंधरा दिवस आधी अर्ज करावयाचा; वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा रजा घ्यावयाची नाही; चार किंवा अधिक दिवसांची रजा मिळाल्यास तिचा पगार निघण्यापूर्वीच हाती पडावयाचा. बोटीचे भाडे आणि घरच्यांसाठी न्यावयाचे सामान आठवले म्हणजे या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व कळते. कामात खंड पडू नये म्हणून कोणी केव्हा जावे याची योजना करण्याची मुभा मालकास होती, परंतु ती कामगारांच्या प्रतिनिधींशी ठरवून करावयाची. आणि वेळेवर केलेला अर्ज अशा योजनेच्या आधारावाचून नाकारता येत नसे. न घेतलेली रजा प्रौढ कामगारास पुढील वर्षी तीस दिवसांपर्यंतच नेता येई. पण मागूनही योजनेमुळे जी मिळाली नाही, ती पुढे नेण्यास मर्यादा नव्हती. घाईचे दिवस कोणते हे ठरविण्याची एकतर्फी सत्ता येथे संपली. गिरणीची निकड खरी असू शकते हे कायद्याने मान्य केले, परंतु त्या निकडीपायी कामगाराने सोडलेले दिवस त्याच्या नावावर जमा राहतील, असेही सांगितले.

परतीचा प्रश्न मात्र पूर्ण मिटला नाही. स्थायी आदेशांच्या १९४६ च्या केंद्रीय नमुन्यानुसार, रजा संपल्यावर आठ दिवसांत परतून समाधानकारक कारण न देणाऱ्याचा जागेवरील धारणाधिकार जाई, आणि त्याचे नाव बदल्यांच्या यादीत ठेवले जाई. पूर्वी जॉबर जे मर्जीने करी ते आता नियमाने, मुदत सांगून होऊ लागले. हा फरक लहान नव्हे. पण बुडालेली लावणी किंवा चुकलेली बोट ही कारणे समाधानकारक आहेत की नाहीत, हे अखेर समोरच्या माणसाच्या समाधानावरच राहिले.

कायदा आणि व्यवहार यांच्या या वाटचालीत भाषेने एक विलक्षण जोडशब्द घडविला. 'भरपगारी रजा' यात 'भर' आपला, 'पगार' पोर्तुगिजांकडून आलेला आणि 'रजा' अरबी-फारसीतून. त्याहून अर्थपूर्ण आहे 'हक्काची रजा' हा प्रयोग. रजा म्हणजे दुसऱ्याची संमती. हक्क म्हणजे ज्यास संमती लागत नाही ते. व्युत्पत्तीच्या काटेकोर दृष्टीने हा प्रयोग आत्मविरोधी ठरेल. परंतु तो विरोध भाषेचा दोष नसून इतिहासाचा पुरावा आहे. मर्जीने मिळणारी गोष्ट लढून, अर्ज करून, आकडे मांडून हक्काची करण्यात आली, आणि तरीही ती मागावीच लागते, ही दोन्ही सत्ये त्या दोन शब्दांत शेजारी उभी आहेत. शासकीय मराठीने 'अर्जित रजा' असे म्हणून हा विरोध सौम्य केला; बोलीने तो तसाच ठेवला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतील अनेकांनी पूर्वीप्रमाणेच गावची वाट धरली. या वेळी परतल्यावर पुष्कळांची जागा उरली नव्हती, आणि पुढे गिरण्याही उरल्या नाहीत. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण होऊन गावाची वाट सोपी झाली, तेव्हा ज्यांच्यासाठी ती सर्वाधिक गरजेची होती ते हजेरीपट बंद होत आले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने रजेस पात्र होण्यासाठी वर्षात २४० दिवस काम करण्याची अट १८० दिवसांवर आणली. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण मात्र कायम राहिले. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही अशा कामगारास यातील काहीच लागू पडत नाही. तो गणपतीस गावी गेला तर त्याची गणना रजेतही होत नाही आणि खाड्यातही नाही. त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, एवढेच. म्हणून रजेच्या इतिहासाकडे पाहताना कायद्याने दिलेले दिवस मोजून थांबता कामा नये. गेलेल्या माणसाची जागा राखण्याचे बंधन कोणावर होते, हे प्रत्येक काळाविषयी विचारले पाहिजे.