लाकडी मण्याच्या पात्याची कुळकथा

जालना जिल्ह्यात केळणा नदीकाठी वसलेल्या भोकरदन येथे, म्हणजेच प्राचीन भोगवर्धनात, १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांतून दगडाचे, शंखाचे व भाजक्या मातीचे मणी मिळाले; लाकूड मात्र मातीत सहसा टिकत नाही, म्हणून लाकडी मण्याचा इतिहास तो घडवणाऱ्या हत्यारांवरूनच जुळवावा लागतो.

या हत्यारांचे मूळ सामत्यात, म्हणजे धनुकलीने फिरवायच्या गिरमिटात, आहे. धनुकलीची दोरी दांडीला वेढून पुढेमागे ओढली की दांडी गरगर फिरते आणि तिचे टोक भोक पाडते, हे त्याचे तत्त्व. दगडी मण्याला बहुधा आकार आधी दिला जाई व भोक नंतर; लाकडात भोक आधी पाडणे सोयीचे, कारण त्याच भोकाचा आस धरून मणी सर्व बाजूंनी सारखा कातता येतो. पंढरपूरच्या काशीकापडी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या तुळशीमाळेच्या धंद्यात तर काडीचा मऊ गाभाच टोकाला वाट दाखवतो. दोरीच्या यंत्राचा दोष असा, की दांडी उलटी फिरताना धार लाकडात चावत नाही आणि निम्मी ओढ वाया जाते. चाकाने, व पुढे विजेच्या मोटरीने, फिरणे एकाच दिशेचे झाले तेव्हा हा दोष गेला.

परंतु खरी कल्पकता पात्याच्या खाचेत आहे. मध्ये भोक पाडणारे टोक आणि त्याच्या दोन्ही अंगांना अर्धगोल धार असलेले पाते एका बाजूने दाबले की भोकासह अर्धा मणी तयार होतो, आणि दुसऱ्या बाजूने दाबल्यावर उरलेला अर्धा कातला जाऊन मणी सुटा होतो. मध्ययुगीन युरोपात हाडाचे जपमणी याच रीतीने निघत. कोन्स्टान्झ शहरात त्या कामातून उरलेल्या भोकाभोकांच्या हाडपट्ट्या विपुल सापडल्या आहेत. अशा पात्याची साध्या पोलादाची धार मात्र मोटरीच्या वेगाने तापून मऊ पडते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर व व्हाइट यांनी मांडलेले हायस्पीड स्टील, आणि नंतरचे टंगस्टन कार्बाइड, यांनी ती अडचण दूर केली.

असे एक पाते एकाच मापाचा मणी देते, माप बदलले की पातेही बदलावे लागते. साध्या पटाशीने हवा तो मणी उतरवणाऱ्या कातारी कारागिराच्या हाताची सर त्याला येत नाही.