वाळ्याचे पडदे, गोधडीची वळकटी

कसारा सोडले की गाडी थळ घाट चढू लागते. सदतीस फुटांना एक फूट असा हा चढ 1865 मध्ये वाहतुकीला खुला झाला. वर इगतपुरी येते आणि हवा बदलते. समुद्राकडची दमट हवा घाटाखाली राहते. उन्हाळ्यात पुढे नाशिक, मनमाड, भुसावळपर्यंत नुसती कोरडी धग! अशा मुलखातून जाताना रेल्वेच्या डब्यात माणसाला झोप लागावी म्हणून काय काय केले गेले, त्याविषयी आज बोलायचे आहे.

1870 मध्ये जबलपूरला जी. आय. पी. आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांचे मार्ग जुळले आणि मुंबई-कलकत्ता हा सलग प्रवास नाशिकवरून होऊ लागला. दिवसभर तापलेला डबा रात्रीही धुमसत राहायचा. त्यावर उपाय म्हणजे वरच्या वर्गाच्या डब्यांना दुहेरी छप्पर. दोन छपरांमधून वारा खेळता राहायचा, त्यामुळे उन्हाचा तडाखा वरच्या वरच झेलला जाई. खिडक्यांवर झापा आणि खिडकीला काच, जाळी व लाकडी पट्ट्यांची झडप.

एवढ्यानेही भागेना. तेव्हा 1872 मध्ये जी. आय. पी.च्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत वाळ्याचे पडदे आले. ते पाण्याने भिजत ठेवायचे, म्हणजे आत येणारा वारा गार होऊन येतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते, एवढेच त्यातले शास्त्र. पण हवाच दमट असेल तर पाणी उडून जाणार कुठे? म्हणजे बोरीबंदर ते कसारा या पडद्यांचा उपयोग जेमतेमच. खरा गारवा इगतपुरीच्या पुढे.

गंमत पाहा, वाळा काही साहेबाने शोधलेला नव्हता. तो आपल्या माठात होता, दारा-खिडक्यांवरही होता. मात्र ज्यांना त्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, ते बहुतेक सारे तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसलेले. झोपायला तिथे जागा नव्हतीच. त्यांची सोय त्यांच्या वळकटीत असे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवले की मध्ये हवा कोंडून राहते. तीच गोधडीची ऊब. दुहेरी छपरात हवा खेळती, गोधडीत कोंडलेली, पण दोन्हीकडे काम हवेचेच. आणि नाशिककडची थंडीही साधी नव्हे. डिसेंबर 2018 मध्ये निफाडला पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता. अशा रात्री झडपेच्या फटींतून येणारा वारा काय करत असेल, याची कल्पना करा.

पुढे बर्फ आला. मुंबईहून सुरतमार्गे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला 1934 मध्ये वातानुकूलित डबा लागला. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या, त्यांवरून पंख्याने आत सोडलेली हवा, आणि वाटेतल्या स्टेशनांवर पुन्हा नव्या लाद्या. आपल्या नाशिकवरून धावणाऱ्या पंजाब मेलला असा गार डबा मिळायला 1945 उजाडले. 1912 मध्ये ही गाडी सुरू झाली ती फक्त वरच्या वर्गासाठी; तिसऱ्या वर्गाचे डबे तिला 1930 च्या दशकाच्या मध्यास जोडले गेले. यंत्राने गारवा करायचा तर खिडक्या बंद हव्यात आणि भिंतींच्या पोकळीत उष्णता अडवणारे भरणही हवे. साध्या डब्यांत असले काही नव्हते. सर्व वर्गांच्या डब्यांत दिवे आणि पंखे हवेत, हे ठरायला 1952 साल यावे लागले! तिसरा वर्ग हे नाव गेले 1974 मध्ये.

साध्या डब्यात पंखे फिरतात, पण मे महिन्यात ते गरम वाराच फिरवतात. भुसावळकडे जाताना खिडकीच्या गजांना ओला पंचा बांधलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. मनमाडपर्यंत तो कडकडीत वाळतो. गाडी थांबली की कोणीतरी उतरून तो नळाखाली धरतो आणि पुन्हा आणून बांधतो.