मॅरिस कॉलेज ते भातखंडे विद्यापीठ : लखनौमधली शंभर वर्षं

लखनौच्या कैसरबागेत नवाब वाजिद अली शाहच्या काळातली एक वास्तू आहे. तिला परीखाना म्हणतात. नवाबाच्या दरबारात नाचगाणं शिकणाऱ्या मुलींना ‘परी’ म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. १८५६मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, नवाब कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला आणि लखनौच्या गाण्याला दरबार उरला नाही. पण गाणं संपलं नाही. ते कोठ्यांवर, तालुकेदारांच्या हवेल्यांत आणि उस्तादांच्या घरांत टिकून राहिलं. ते शिकायचं तर उस्तादाच्या घरातच जन्माला यावं लागे, नाहीतर वर्षानुवर्षं त्याची मर्जी सांभाळावी लागे. आज त्याच परीखान्यात भातखंडे संस्कृती विश्वविद्यालयाचे वर्ग भरतात. या बदलामागे वाळकेश्वरचा एक मराठी वकील होता.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १८६०चा. वकिली चालत असतानाच मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत त्यांचं शिकणं, ऐकणं आणि टिपणं काढणं सुरू होतं. पत्नी गेली, मग मुलगीही गेली. त्यानंतर त्यांनी संसार आणि वकिली दोन्ही बाजूला ठेवून देश पालथा घातला. रामपूर, जयपूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या उस्तादांकडून मिळतील तेवढ्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून घेतल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग तर गाणं शिकणाऱ्या कित्येक घरांत आजही सापडतात.

नुसत्या पुस्तकांवर भागणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९१६मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे दिल्ली आणि काशी झाली. चौथी आणि पाचवी परिषद लागोपाठ लखनौला झाली, आणि तिथेच महाविद्यालयाची कल्पना प्रत्यक्षात येण्याचा योग आला. संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली हे दर्याबादचे तालुकेदार होते आणि संगीताचे खरे चाहते. त्यांच्या घरातले राय उमानाथ बली यांनी धावपळीचा भार उचलला. जुलै १९२६मध्ये वर्ग सुरू झाले. १६ सप्टेंबरला प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं आणि त्यांचंच नाव संस्थेला मिळालं : मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक. भातखंड्यांचं नाव तिला स्वातंत्र्यानंतर लाभलं.

भातखंड्यांनी उस्तादांबद्दल पुष्कळ कडक लिहिलं आहे. विद्या दडपून ठेवणारे, शास्त्र न जाणणारे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यातला काही भाग मला अन्यायाचा वाटतो. ज्यांच्या कंठातून त्यांनी बंदिशी मिळवल्या, त्यांना अडाणी म्हणणं पटत नाही. पण लखनौच्या कॉलेजात त्यांनी त्याच उस्तादांना सन्मानानं बोलावलं, हेही विसरता येत नाही. तबल्यासाठी लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ आले, सरोदसाठी सखावत हुसेन खाँ. ज्या घराण्यांची विद्या घरापलीकडे जात नसे, तिचे वारस सरकारी अनुदानाच्या शाळेत फळ्यापुढे बसले. पुढच्या काळात अहमदजान थिरकवा इथे तबला शिकवू लागले. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसलेले हेच थिरकवाखाँ! मराठी रसिकांनी ज्यांना नाट्यगृहात ऐकलं, ते उतारवयात लखनौच्या पोरांना कायदे-पेशकार देत होते. बेगम अख्तर यांनीही इथे शिकवलं, तर कथ्थकसाठी मोहनराव कल्याणपूरकर होते.

तरीही या संस्थेला घडवणारा माणूस एकच म्हणायचा झाला, तर मी श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचं नाव घेईन. ते मूळचे मुंबईचे. भातखंड्यांचे शिष्य, आणि बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडेही शिकलेले. म्हणजे शास्त्र आणि मैफल दोन्ही त्यांच्याकडे होतं. १९२८मध्ये ते प्राचार्य झाले आणि जवळजवळ तीन दशकं त्यांनी ती खुर्ची सांभाळली. शिष्य त्यांना अण्णासाहेब म्हणत.

स्वरलिपीनं आणि परीक्षांनी कलावंत घडत नाही, ही टीका कॉलेजवर पहिल्यापासून होत आली. ती खोटी नाही. पण अण्णासाहेबांनी त्या टीकेला कृतीनं उत्तर दिलं. कॉलेज दिवसाचं होतं, त्यांचं घर मात्र चोवीस तासांचं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा अकरा-बारा वर्षांचा कृष्णा गिंडे १९३६च्या सुमारास लखनौला पोचला आणि त्यांच्या घरचाच झाला. तेच पुढे बंदिशींचा चालताबोलता कोश म्हणून नावाजलेले के. जी. गिंडे. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर हे सगळे याच तालमीतले. वाईचे व्ही. जी. जोग इथे शिकले आणि इथेच व्हायोलिन शिकवू लागले. अभ्यासक्रमाच्या चौकटीत जुनी गुरुकुलाची रीत मुरवण्याचं हे काम मला रागांची थाटांत वर्गवारी करणाऱ्या भातखंड्यांच्या थाटपद्धतीइतकंच मोलाचं वाटतं. थाटांवर अजून वाद चालतो. गिंडे-भटांच्या गाण्यावर कोण वाद घालणार?

अण्णासाहेब स्वतः ‘सुजन’ या मुद्रेनं बंदिशी रचत. मारग बिहाग, सालगवराळीसारखे राग त्यांनी गाण्यात आणले. मैफलीच्या बाजारात त्यांचं नाव व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, कारण आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी शिकवण्यात घातली. १९५७मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ते कुलगुरू झाले.

शास्त्रीय गाण्याबाहेरही कॉलेजचा हात पोचला. बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार सरस्वतीदेवी, संगीतकार रोशन, अभिनेते-गायक पहाडी सन्याल, आणि लखनौचाच तलत महमूद या सगळ्यांनी मॅरिसच्या वर्गात सूर लावले होते. श्रीलंकेतून सुनील शांत आले, नंतर अमरदेव आले. जोगांकडे शिकलेले अमरदेव मायदेशी परतून सिंहली संगीताचे अग्रणी ठरले.

नंतरची हकिगत थोडक्यात सांगता येते. १९६६मध्ये राज्य सरकारनं संस्था ताब्यात घेतली. २०००मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२मध्ये राज्य विद्यापीठ म्हणून सध्याचं नाव आलं. इमारत जुनीच राहिली. विद्यार्थ्यांचा ओघही अजून आहे.

लखनौला रुजलेलं हे झाड परत मुंबईतही उगवलं. नगरकरांनी १९४६मध्ये भारतीय विद्या भवनाचं संगीत शिक्षापीठ उभं केलं, तिथे नंतर कायकिणी होते. गिंडे आणि भट यांनी शीवच्या वल्लभ संगीतालयात पिढ्या शिकवल्या. मुंबईच्या आजच्या अनेक गायकांची गुरुपरंपरा मागे मागे शोधत गेलं, तर ती कैसरबागेत जाऊन पोचते. पण आपल्याकडे भातखंड्यांचं नाव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत राहिलं आणि रातंजनकरांचं तर तिथेही क्वचितच येतं.

जुलै २०२६मध्ये कॉलेजची शंभर वर्षं पूर्ण होतात. मुंबई-पुण्यातल्या संगीतसंस्थांनी या निमित्तानं एक तरी संध्याकाळ फक्त ‘सुजन’च्या बंदिशींसाठी ठेवावी. गिंडे, भट, कायकिणी यांच्याकडे शिकलेले गायक आज आपल्यात आहेत, त्यांना बोलवावं. आणि वाचकहो, लखनौला इमामबाडा पाहायला जाल तेव्हा कैसरबागेकडे अवश्य वळा. तिथल्या वर्गांत आजही क्रमिकमधल्या बंदिशी शिकवल्या जातात.