विषाणूचा शिधा

साथींचा इतिहास लिहितांना आम्ही मृतांचे आंकडे मोजतों; विषाणू वाढतो कशावर, हें विचारावयाचें राहून जातें. त्यास स्वतःची चूल नाहीं. पेशीच्या कोठारांतील अमायनो आम्लांचींच त्याचीं प्रथिनें बनतात. १९५५ सालीं हॅरी ईगल यांनीं दाखविलें कीं, काचपात्रांत वाढणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पेशींस १३ अमायनो आम्लें बाहेरून द्यावीं लागतात. पुढील वर्षीं कार्ल हॅबेल यांच्यासह ते पोलिओच्या विषाणूकडे वळले, तों ग्लुकोज, ग्लुटामीन व क्षार एवढ्यावरच त्याचें पीक भरघोस आलें! बाकीचीं आम्लें पेशीच्या शिलकेंतून गेलीं. यजमान उपाशी असला तरी पाहुण्याचें पान वाढलेलेंच. हर्पीजचा विषाणू मात्र आर्जिनीनवांचून अडतो.

या शास्त्रांत पुण्याचाही वांटा आहे. तेथें १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रांत के. आर. पी. सिंग यांनीं १९६७ सालीं एडीस डांसांच्या अळ्यांपासून अखंड वाढणाऱ्या पेशी तयार केल्या. त्यांच्या अन्नरसांतील अमायनो आम्लें विशेषेंकरून दुधांतील लॅक्टाल्ब्युमिन प्रथिनाच्या विघटनांतून येत. डांसाच्या पेशी दुधावर पोसाव्या, याची आम्हांस मोठी गंमत वाटते. त्याच पेशींतून १९७८ सालीं अकिरा इगाराशी यांनीं निवडलेली सी६/३६ ही शाखा डेंग्यूचा विषाणू वेगळा काढण्यास आज जगभर वापरतात.